सर म्हणतात २८, मला दिसतात ३०

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी यावल तालुक्यातली. वडिलांची केळी आहे. घरात पदवीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. जळगावात खोली घेऊन पीएच.डी. करते, तिसरं वर्ष चालू आहे. सातपुड्यातल्या एका रानभाजीची गुणसूत्रं हा माझा विषय. माझ्या गाइड सरांनी बऱ्याच वर्षांपूर्वी याच वनस्पतीवर पेपर लिहिला होता, त्यांनी झाडं तोरणमाळहून आणली होती. त्यात गुणसूत्रं २८ दिली आहेत. मी आमच्या जिल्ह्यातल्या पाल गावाच्या बाजूची झाडं आणून कुंड्यांत लावली. पावसाळा संपल्यापासून रूट टिपच्या, म्हणजे मुळांच्या टोकांच्या, स्लाइडी करून राहिले, तर मला बहुतेक पेशींत ३० दिसतात. काहींत २८, एखादीत २९. सरांना सांगितलं तर म्हणाले, "२८ वाल्या पेशींचे फोटो लाव, बाकीच्या खराब असतील, सोडून दे. पुढच्या महिन्यात आरएसी (संशोधन सल्लागार समितीची बैठक) आहे, आता नवीन भानगड नको."

सर वाईट नाहीत. एकदा माझी फीसुद्धा त्यांनी भरली होती. घरी आई म्हणते, आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की स्थळं बघू. आजी रोज विचारते, "अजून किती शिकशीन वं माय?" वडील फार बोलत नाहीत, पण परवा तेही म्हणाले, "हे मोजून भेटतं काय?" मी २८ लिहून मोकळी होऊ का? सोबत फोटो पाठवते, तुम्हीच सांगा किती आहेत.

— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर

झाडाचं नाव तू कळवलं आहेस, पण मी ते छापत नाही. खान्देशात गुणसूत्रं मोजणारी माणसं मोजकीच. नाव वाचलं की दोन ओळींत लोक तुझ्या सरांपर्यंत पोचतील, आणि मग सल्ला राहील बाजूला.

फोटो पाहिले. त्यावरून आकडा मात्र मी सांगणार नाही. मोबाइल मायक्रोस्कोपच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावून काढलेल्या फोटोत एकच पातळी दिसते, आणि गुणसूत्रं पेशीत खालीवर पडलेली असतात. फाइन फोकस हळूहळू फिरवत, कागदावर पेन्सिलीने एकेक गुणसूत्र उतरवत मोजणाऱ्याला जे कळतं ते फोटो बघणाऱ्याला कळत नाही. तू चित्रं काढतेस की नाही ते लिहिलं नाहीस. काढत नसशील तर उद्यापासून काढ. हात चालवला की "हे एक की दोन?" हा प्रश्न टाळता येत नाही. फोटोवर नुसतं बोट ठेवून मोजताना तो सहज टळतो.

आता सरांच्या सांगण्याबद्दल. खराब पेशी सोडाव्यात हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. फुटलेली पेशी, एकमेकांवर चढलेली गुणसूत्रं, शेजारच्या पेशीतून घरंगळत आलेली दोन-चार, असला माल कुणीच मोजत नाही. पण पेशी चांगली की खराब हे मोजण्याआधी ठरवायचं असतं. आधी मोजायचं आणि आकडा मनासारखा आला नाही की पेशी खराब म्हणायची, ही फेरफार झाली. कितीही मायेच्या माणसाने सांगितली तरी फेरफारच. तेव्हा २८ लिहून मोकळी हो, असं मी म्हणणार नाही. आणि ३० वर अडून बस, असंही आज म्हणणार नाही, कारण तुझे ३० अजून सिद्ध झालेले नाहीत.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात बोलका वाटला तो फरक. नेमका दोनाचा. गुणसूत्रांच्या एका जोडीवर बहुधा दुय्यम खाच असते. त्या जागेवरून केंद्रिका (पेशीच्या केंद्रकातला गोळा) तयार होते, आणि खाचेच्या पलीकडे टोकाला एक बारीक तुकडा लटकत असतो. त्यालाच आपण सॅटेलाइट म्हणतो. स्क्वॅश करताना, म्हणजे काचेखाली मूळ चेपताना, अंगठा जरा जोरात बसला, किंवा प्रीट्रीटमेंट (मुळं आधी रसायनात ठेवणं) कमी-जास्त झाली, की खाचेतला धागा इतका ताणला जातो की तो दिसेनासाच होतो आणि टोकाचा ठिपका वेगळं गुणसूत्र असल्यासारखा पडलेला दिसतो. जोडीतल्या दोघांचे मिळून असे दोन ठिपके. २८ चे झाले ३०. एकाच बाजूचा तुटला तर २९. तुझ्या वहीत हे तिन्ही आकडे आहेत, म्हणून माझा पहिला संशय इथेच जातो. तुझ्या ३० पैकी दोन अगदी गोल, टिंबासारखी, सेंट्रोमियर (गुणसूत्राची मुख्य खाच) न दिसणारी आहेत का? पत्रात तू आकार कुठेच लिहिलेले नाहीत. आकडा आणि आकार कायम सोबत लिहायचे.

हा संशय फेडायचा तर प्रीट्रीटमेंट बदलून बघ. तू कोल्चिसिन वापरतेस असं फोटोखाली लिहिलं आहेस. जास्त वेळ ठेवलं तर त्यात गुणसूत्रं आखडून आखूड बोंडुकली होतात आणि खाचा बुजतात. ऑक्सिक्विनोलिन घे, म्हणजे ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन, ०.००२ मोलर, तीन-चार तास. त्यात खाचा छान उघड्या पडतात. मात्र त्याला गारवा लागतो, १० ते १५ अंशांच्या आसपास. जळगावच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतला फ्रीज लोडशेडिंगच्या मर्जीवर चालतो, तेव्हा रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ टाकून तेवढंच गार केलेलं पाणी आणि थर्मामीटर ठेवून त्यात कुप्या बुडव. दिसायला गावठी, पण काम चोख होतं. मुळं सकाळची घे, उन्हाने कुंडी तापायच्या आत. कार्नॉय, म्हणजे मुळं फिक्स करायचं (आहेत तशी टिकवायचं) द्रावण, त्याच दिवशी बनवलेलं हवं. अल्कोहोल आणि असेटिक आम्ल एकत्र फार काळ राहिलं की त्यांचं एस्टर होतं आणि मग मुळं नीट फिक्स होत नाहीत. कपाटातल्या बाटलीवर मागच्या महिन्याची तारीख असेल तर ती सरळ ओतून दे. हे सगळं तुला एम.एस्सी.ला शिकवलेलं असणार. पण तिसऱ्या वर्षापर्यंत प्रत्येकाच्या हाताला काही आळशी सवयी लागलेल्या असतात, आणि आकडा वादात असताना त्या परवडत नाहीत.

दुसरी शक्यता बी-गुणसूत्रांची (हे इंग्रजी B). मक्यात, राय या धान्यात ती सापडतात. नेहमीच्या संचापेक्षा वरची, बहुधा लहान, आणि मुख्य म्हणजे एका झाडात असतील तर शेजारच्या झाडात नसतील. म्हणून मला सांग, तुझ्या बहुतेक पेशी किती झाडांच्या आहेत? एकाच कुंडीतल्या मुळांच्या पन्नास पेशी म्हणजे पन्नास पुरावे नव्हेत, ते एकच झाड आहे. वेगवेगळ्या ठिकाणाहून आणलेली निदान पाच-सहा झाडं घे आणि प्रत्येकाच्या दहा चांगल्या पेशी. कोणत्या झाडात किती, हे वेगळं लिही. एका झाडात कायम ३० आणि दुसऱ्यात कायम २८ निघाले, तर तुझी गोष्ट पूर्णच बदलेल.

तिसरी शक्यता अशी की सरांचे २८ ही खरे आणि तुझे ३० ही खरे. तोरणमाळ आणि पाल दोन्ही सातपुड्यातच, पण मध्ये अख्खा डोंगर पसरलाय. एकाच जातीत ठिकाणागणिक गुणसूत्रांची संख्या बदलते याची उदाहरणं वनस्पतींत भरपूर आहेत. अमेरिकेतल्या क्लेटोनिया व्हर्जिनिका या रानफुलात तर १२ पासून १९० च्या घरापर्यंत आकडे नोंदवले गेलेत. किंवा तुझी आणि सरांची झाडं मुळात एकच जात नसतील. रानभाज्यांत पानांवरून ओळखताना असा घोळ फार होतो. सरांच्या मूळ झाडाचा हर्बेरियम (वाळवून जपलेला) नमुना विभागात असेल, तो काढून आपल्या झाडाशेजारी ठेव. आणि तोरणमाळची झाडं मिळवून स्वतः मोज. पालच्या बाजूला यावल अभयारण्याची हद्द लागते, तिथून यापुढे काही आणायचं तर वनखात्याची लेखी परवानगी आधी घे. प्रबंधाच्या वेळी हा कागद मागितला जातो आणि तेव्हा धावाधाव होते.

निकाल मात्र मुळांत नाही, कळ्यांत लागणार. फुलोरा आला की परागकोशातल्या मातृपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून परागकण बनतात त्या पेशी, बघ. त्यांच्या विभाजनातल्या डायकायनेसिस या टप्प्याला गुणसूत्रं जोडीने येतात. १५ नेटक्या जोड्या दिसल्या तर तुझे ३० पक्के. १४ च जोड्या दिसल्या, त्यातली एक केंद्रिकेला चिकटलेली, आणि बाहेर काहीच उरलं नाही, तर ते दोन ठिपके सॅटेलाइटच होते. १४ जोड्या आणि शिवाय लहानशी दोन सुटी किंवा आपापसात जुळलेली असतील तर बी-गुणसूत्रं. चार-चारांचा एखादा घोळका दिसला तर नेहमीच्याच संचातली एखादी जोडी दुप्पट झाली असावी. सरांसमोर ठेवायला याहून मोठा पुरावा नाही, कारण इथे अंगठ्याच्या जोराने फारसा फरक पडत नाही. अडचण एवढीच की तुझ्या रानभाजीला फुलं पावसाळ्यात येणार आणि आरएसी पुढच्या महिन्यात.

इथे तुला एक खरी हकिकत सांगते, कारण ती तुझ्यासारख्याच झाडवाल्यांची आहे. माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात असं टेक्सासच्या थिओफिलस पेंटर यांनी १९२३ मध्ये लिहिलं. पुढे तीसेक वर्षं पाठ्यपुस्तकांत तेच छापलं गेलं, आणि मोजणाऱ्यांनाही तेवढीच सापडत गेली. डिसेंबर १९५५ मध्ये स्वीडनमधल्या लुंडला जो हिन तिजो यांनी माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी पाहिल्या, तर गुणसूत्रं ४६. तिजो जावा बेटावर जन्मलेले, मुळात वनस्पतींच्या गुणसूत्रांचे अभ्यासक. ज्यांच्या प्रयोगशाळेत हे काम झालं ते आल्बर्ट लेव्हानही वनस्पतीवालेच, कांद्याच्या मुळांवर रसायनांचा परिणाम तपासण्याची पद्धत १९३८ मध्ये त्यांनीच आणली. वर सांगितलेलं ऑक्सिक्विनोलिनही या दोघांनीच १९५० मध्ये गुणसूत्रांच्या कामात आणलं. १९५६ मध्ये त्यांचा पेपर आला आणि ४८ हा आकडा पुस्तकांतून गेला.

पण मला त्या पेपरातली वेगळीच एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिजो-लेव्हान यांनी त्यात नोंदवून ठेवलंय की त्यांच्याच ओळखीच्या काही संशोधकांनी आधी मानवी यकृताच्या पेशी तपासल्या होत्या. त्यांना पुन्हा पुन्हा ४६ दिसली. ४८ काही सापडेनात, म्हणून त्यांनी ते काम तात्पुरतं थांबवलं. आकडा त्यांच्या हातात होता. आपलंच तंत्र कमी पडतंय असं त्यांनी धरलं.

तू तिजो आहेस असं मी म्हणत नाही. सॅटेलाइटवाला संशय खरा ठरला तर तू चुकीची ठरशील आणि सर बरोबर. तसं झालं तरी काही बिघडत नाही. "या वनस्पतीत सॅटेलाइट सहज तुटतात, त्यामुळे ३० चा भास होतो" हे नीट चित्रांसह लिहिलेलं एक पानही पुढच्या मोजणाऱ्याच्या कामाचं आहे. तुझ्या कामाची किंमत ३० वर अवलंबून नाही.

आता सरांशी बोलायचं कसं. "सर, तुमचा पेपर चुकलाय" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, आणि ते खरंही नाही, निदान आज तरी. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला सांग, "माझ्या आणि तोरणमाळच्या स्लाइडींवरच्या चिठ्ठ्या काढून नुसते क्रमांक टाक, यादी तुझ्याजवळ ठेव." मग कुठली स्लाइड कुठल्या झाडाची हे माहीत नसताना तू मोज. मोजून झाल्यावर यादी उघडा. त्यातल्या सगळ्यात स्वच्छ चार-पाच पेशींचं व्हर्नियर रीडिंग (स्टेजवरच्या मोजपट्टीचा आकडा) वहीत लिहून ठेव, म्हणजे स्टेजवर स्लाइड ठेवली की तीच पेशी पुन्हा समोर येते. स्लाइडच्या कडा नेलपॉलिशने सील केल्या असतील तर त्या फार दिवस टिकणार नाहीत. चांगल्या पेशी लवकर पर्मनंट करून घे. मग एखाद्या सकाळी, सरांना वर्ग नसताना, मायक्रोस्कोप लावून ठेव आणि म्हण, "सर, एवढी पेशी बघता का? मला यात अडचण येतेय." आकडा तू सांगू नकोस. त्यांना मोजू दे.

ज्याने उमेदीची वर्षं मेटाफेज (गुणसूत्रं सुटी, स्पष्ट दिसतात ती अवस्था) मोजण्यात घालवली त्या माणसाला आयपीसपाशी बसवलं की तो गाइड राहत नाही, मोजणारा होतो. "हे काय आहे इथे?" असं ते स्वतःच म्हणतील अशी माझी अटकळ आहे. तेव्हाच सॅटेलाइटचा विषय काढ. त्यांच्या पेपरवर शंका न घेता तुझ्या स्लाइडवर शंका घेण्याची संधी त्यांना पहिल्यांदा मिळू दे. तुझी फी भरणारा माणूस तुझा वैरी नाही. त्यांना भीती असेल ती तुझ्या सबमिशनची, आणि थोडीफार बाहेरच्या परीक्षकाने जुना पेपर समोर धरण्याचीही.

आणि नाहीच ऐकलं तर? आरएसीत २८ वाले निवडक फोटो लावायचे नाहीत. एक तक्ता लाव: झाड क्रमांक, ठिकाण, मोजलेल्या पेशी, २८ किती, २९ किती, ३० किती. खाली एकच ओळ: "संख्येतील फरकाचे कारण तपासण्यासाठी पावसाळ्यात मातृपेशींचा अभ्यास करण्याचे नियोजन आहे." यात कुणाचा पेपर खोटा पडत नाही आणि तुझी वहीही खरी राहते. दर सत्रात आरएसीपुढे सादरीकरण करायचं असतं ते अशाच अडलेल्या कामासाठी. समितीत सर एकटे नसतात, आणि पावसाळ्यानंतर प्रबंधात काय जाईल ते त्या तक्त्याने आधीच नोंदवून ठेवलेलं असेल. ही भानगड नव्हे, हेच तिसऱ्या वर्षाचं काम.

घरच्यांचं. आजीला उत्तर नको असतं, ती काळजी करते, तिला चहा करून दे. आईशी मात्र कागद घेऊन बोल. युजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला प्रवेशापासून सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि मुलींना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. बाळंतपण आणि बालसंगोपनाची २४० दिवसांपर्यंतची रजा वेगळी. लग्न होऊन गाव बदललं तर आपलं संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची सोयही त्यातच आहे, मूळ संस्थेला आणि मार्गदर्शकाला श्रेय देण्याच्या अटीवर; फक्त ते काम मूळ संस्थेला मिळालेल्या अनुदानित प्रकल्पातलं नसावं. तुझी नोंदणी तिसऱ्या वर्षाची म्हणजे हेच नियम तुला लागू असणार, तरी विद्यापीठात विचारून खात्री कर. म्हणजे लग्न की पीएच.डी., असा एकच दरवाजा नाही. पण बघायला येणाऱ्यांना पहिल्याच भेटीत "अजून दोन-तीन वर्षं मायक्रोस्कोप आहे" हे स्वच्छ सांगायचं, आणि ते तू सांगायचं, आईने नव्हे. स्थळ त्यावरून मागे फिरलं तर ते आधीच कळलेलं बरं.

राहिले वडील. त्यांचा प्रश्न मला आवडला, आणि त्याचं उत्तर त्यांच्याच शेतात आहे. त्यांना विचार, आपल्या केळीत बी का नाही? ईशान्य भारतातल्या रानात बियांची जंगली केळी मिळते, बिया चांगल्या टणक. तिची गुणसूत्रं २२, म्हणजे अकराचे दोन संच. आपली ग्रँड नैन वाणाची केळी तीन संचांची, म्हणून ३३. तीन संचांची जोडीने वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही, म्हणून आपण कंद लावतो नाहीतर टिश्यू कल्चरची रोपं आणतो. आणि बी नाही म्हणूनच केळीत नवं वाण काढणं एवढं जिकिरीचं. सीएमव्ही या विषाणूने बाग पिवळी पडली की उपटून टाकण्यापलीकडे शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही. शेजारच्या बांधावरच्या कपाशीचंही सांग. देशी कपाशी २६ ची, अमेरिकन ५२ ची. देशीतला काटकपणा अमेरिकनमध्ये आणायचा तर संकर ३९ वर अडकतो आणि वांझ निघतो. रानातल्या झाडापासून काही गुण पिकात आणायचा असेल तर दोघांची गुणसूत्रं किती हे आधी कुणीतरी बसून मोजलेलं असावं लागतं. तुझ्या रानभाजीचा संकर कुणी कधी करील की नाही ते मला ठाऊक नाही, आणि वडिलांना तसं खोटं आश्वासनही देऊ नकोस. ३३ चं ऐकून ते पुढचा प्रश्न विचारतील, तो मला कळव.

जूनमध्ये पाऊस लागला की कुंड्यांवर लक्ष ठेव. कळ्या अगदी बारीक असतानाच फिक्स करायच्या. पाकळी बाहेर डोकावली की परागकोशात मायोसिस (मातृपेशींचं ते विभाजन) संपलेलं असतं आणि नुसते परागकण हाती लागतात. एकाच फुलोऱ्यातल्या लहान-मोठ्या सगळ्या कळ्या एका कुपीत टाक आणि आकाराप्रमाणे एकेक उघडून बघ. कुठल्या मापाच्या कळीत डायकायनेसिस मिळतं ते एकदा कळलं की मिलिमीटरमध्ये वहीत लिहून ठेव.